एक फटका कुठे गेला?

७ ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. टोकियोजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर चार दिवस चाललेल्या या स्पर्धेत बंगळूरच्या तेवीस वर्षांच्या अदिती अशोकने एकूण २६९ फटके घेतले. न्यूझीलंडची लिडिया को आणि जपानची मोने इनामी यांचे प्रत्येकी २६८ झाले. अमेरिकेची नेली कोर्डा २६७ फटक्यांत पहिली आली. रौप्य आणि कांस्य पदके २६८ वाल्या दोघींत वाटली गेली आणि अदिती चौथी राहिली. २६९ फटक्यांमध्ये फक्त एक फटका जास्त!

आपल्या देशात गोल्फ तसा जुना आहे. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ पडद्यावरच पाहिलेला असतो. म्हणून दोन शब्दांत सांगतो. मैदानात अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्यासाठी काहीशे मीटर दूरच्या ठिकाणाहून चेंडू मारायला सुरुवात करायची आणि कमीत कमी फटक्यांत तो खळग्यात घालायचा. खळग्याभोवतीचे गवत अगदी बारीक कापलेले असते. ती हिरवळ. तिथे पटर नावाच्या काठीने चेंडू हलकेच घरंगळत सोडतात. त्याला पटिंग म्हणतात. गंमत अशी, की अडीचशे मीटर लांब मारलेला फटका एक, आणि खळग्याच्या तोंडाशी थांबलेल्या चेंडूला दिलेला हलका धक्काही एकच!

मग सरावाला निघालेल्या खेळाडूने आपला जास्तीचा एक फटका नेमका कुठे शोधायचा? रोज तीनशे चेंडू मारून तो सापडेल का? भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या प्रश्नात रस वाटला, कारण हा प्रश्न मुळात मापनाचा आहे.

सव्वा अंशाचा प्रश्न

प्रथम खळग्याकडे पाहू. त्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास ४२.७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि वजन ४५.९ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. समजा, चेंडू खळग्यापासून आठ फुटांवर, म्हणजे २.४४ मीटरवर आहे आणि हिरवळ सपाट आहे. चेंडू अगदी हळू आला, तर त्याचा मध्यबिंदू खळग्याच्या कडेच्या आत असला की तो आत पडेल. म्हणजे मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला ५४ मिलिमीटरची सवलत. ५४ ला २४४० ने भागा. उत्तर येते ०.०२२ रेडियन, म्हणजे सुमारे सव्वा अंश. तीन फुटांवरून हीच सवलत ३.४ अंश असते आणि वीस फुटांवरून जेमतेम अर्धा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, हे लक्षात घेतले म्हणजे सव्वा अंश किती लहान आहे ते कळेल.

पण हे झाले मंद चेंडूचे. जोरात आलेला चेंडू खळग्यावरून उडून पलीकडे जातो. याचे गणित अकरावीचा विद्यार्थी सहज करील. चेंडूचा मध्यबिंदू अलीकडची कड ओलांडतो तेव्हा तो खाली पडू लागतो. पलीकडच्या कडेला आदळेपर्यंत तो निदान आपल्या त्रिज्येइतका, म्हणजे २१.३ मिलिमीटर खाली गेला पाहिजे. मुक्तपतनाच्या सूत्राने त्याला ०.०६६ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पुढे जायला जागा आहे १०८ वजा २१.३, म्हणजे ८६.७ मिलिमीटर. भागाकार केला की सेकंदाला सुमारे १.३ मीटर हा वेग मिळतो. मधोमध आलेला चेंडूसुद्धा यापेक्षा जास्त वेगाने आला, तर मागच्या कडेवर आपटतो. मग तो कधी आत पडतो, कधी नाही. बाजूने आलेल्या चेंडूला तर पडायला जागा आणखी कमी मिळते. थोडक्यात, जोर जितका अधिक, तितका खळगा अरुंद.

आता जोर किती लावायचा हे हिरवळीवर अवलंबून असते आणि प्रत्येक हिरवळ वेगळी. याबाबत एक चांगली गोष्ट आहे. १९३५ साली अमेरिकेतील ओकमाँट मैदानावर राष्ट्रीय खुली स्पर्धा चालू होती. जीन साराझेन या नामवंत खेळाडूचा पटिंगचा चेंडू हिरवळीवरून घरंगळत थेट बाहेरच्या वाळूत गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन नावाचे एक हौशी खेळाडू होते. हिरवळ अवाजवी गुळगुळीत आहे असे त्यांचे मत झाले. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्यांनी एक साधी लाकडी पन्हळ तयार केली. तिच्या खाचेत चेंडू ठेवायचा आणि पन्हळीचे ते टोक हळूहळू उचलायचे. सुमारे २० अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप खाचेतून सुटतो आणि प्रत्येक वेळी सारख्याच वेगाने हिरवळीवर येतो. मग तो किती फूट धावला ते मोजायचे. बस्स! पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने या पन्हळीची ॲल्युमिनियमची आवृत्ती काढली. आज जगभर हिरवळी तिनेच मोजतात.

पन्हळीतून सुटताना चेंडूचा वेग सेकंदाला १.८३ मीटर असतो. चेंडू दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर धावला, तर वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागून मंदन मिळते : सुमारे ०.५५ मीटर प्रतिसेकंदवर्ग. आता मघाचा १.३ मीटरचा वेग आठवा. अशा हिरवळीवर खळगा नसता, तर त्या वेगाचा चेंडू आणखी दीड मीटर धावला असता. म्हणजे मधोमध जाणाऱ्या चेंडूला दीड मीटरपर्यंतचा जादा जोर चालतो. पण जोर जरा जरी कमी पडला, तरी चेंडू अलीकडेच थांबतो आणि त्याला कसलीच सवलत नाही.

इतके सारे जमायला हवे असल्यामुळेच पुरुषांच्या अमेरिकन व्यावसायिक स्पर्धांतील खेळाडूंचे आठ फुटांवरून सुमारे निम्मेच चेंडू खळग्यात जातात. तीन फुटांवरून शंभरांपैकी शहाण्णवच्या आसपास जातात, वीस फुटांवरून मात्र पंधराच्या आसपास. पडद्यावर पाहताना असे वाटत नाही, कारण गेलेले चेंडूच आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवले जातात.

दहापैकी सात

आमच्या महाविद्यालयाजवळ गोल्फचे मैदान नाही. तेव्हा आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात लांब सतरंजी अंथरली. जुने चेंडू मिळवले आणि प्रयोगशाळेतील सहायकाने काठीला लाकडी ठोकळा ठोकून पटर बनवून दिला. फरशीत खळगा खणणे शक्य नव्हते. म्हणून सतरंजीवर खडूने १०८ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढले आणि नियम केला, की वर्तुळावरून जाऊन पुढे हातभराच्या आत थांबलेला चेंडू ‘गेला’ समजायचा. अंतर चार फूट. अकरावीची पाच मुले रोज सुटीत प्रत्येकी दहा चेंडू मारत. मी वहीत ‘गेले’ आणि ‘हुकले’ एवढेच लिहीत असे.

एका मुलाचे सोमवारी दहापैकी सात गेले. मी सर्वांसमोर त्याची पाठ थोपटली. मंगळवारी चारच गेले. मी म्हणालो, “काल कौतुक केले म्हणून आज लक्ष नाही वाटते!” बुधवारी पाच. तो गुरुवारी आला नाही, शुक्रवारीही नाही.

शनिवारी मी ते गणित केले, जे सोमवारीच करायला हवे होते. त्या मुलाचे खरे प्रमाण निम्मे आहे असे धरा. मग त्याचा प्रत्येक चेंडू म्हणजे नाणेफेक. दहा नाणी फेकली, तर सरासरीने पाच छापे पडतील, पण दर वेळी पाचच पडतील असे नव्हे. सात किंवा अधिक छापे पडण्याची संभाव्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे सुमारे सतरा टक्के आहे. चार किंवा कमी पडण्याची जवळजवळ अडतीस टक्के. म्हणजे सात, चार, पाच हे आकडे कसलीही सुधारणा किंवा घसरण न होता सहज येऊ शकतात. सोमवारी त्याने विशेष काही केले नव्हते आणि मंगळवारी त्याचे काही चुकले नव्हते. चुकले होते ते माझे.

शिक्षकमित्रांनो, ही चूक आपण वर्गातही करतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना इस्रायलमध्ये विमानचालन शिकवणारे अधिकारी सांगत, की शिष्याची स्तुती केली की तो पुढच्या वेळी बिघडतो आणि रागावले की सुधारतो. काहनेमन यांच्या लक्षात आले, की हा रागाचा गुण नव्हे. अतिशय चांगल्या किंवा अतिशय वाईट खेळीनंतर पुढची खेळी बहुधा सरासरीच्या जवळ येतेच, मग तुम्ही काहीही बोला.

मग सुधारणा झाली हे ओळखायचे कसे? समजा, सरावाने प्रमाण पन्नास टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर गेले आहे. नशिबाच्या खेळातून हा फरक खात्रीने वेगळा काढायचा, तर सरावाआधी शेकडो आणि सरावानंतर शेकडो चेंडूंची नोंद लागते. दहा-दहा चेंडूंच्या नोंदीवरून बोलणे म्हणजे एकदाच लंबक हलवून गुरुत्वत्वरण सांगण्यासारखे आहे. तसे करणाऱ्या विद्यार्थ्याची जर्नल मी परत करतो. स्वतःची वही मात्र तीन आठवडे तशीच लिहिली!

सोमवारी मी त्या मुलाला बोलावून हे सगळे गणित दाखवले. त्याने वही नीट पाहिली आणि विचारले, “सर, पण हुकलेला चेंडू किती हुकला ते कुठे लिहिले आहे?”

प्रश्न बिनतोड होता. ‘गेला’ किंवा ‘हुकला’ लिहिले, की कडेला चाटून गेलेला चेंडू आणि हातभर बाजूने गेलेला चेंडू यांत फरकच उरत नाही. माहिती हातात आलेली असते आणि आपण ती टाकून देतो. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चेंडूचे दोन आकडे लिहू लागलो. वर्तुळाच्या रेषेवर तो मध्यापासून डावीकडे किंवा उजवीकडे किती सेंटिमीटर होता, हा एक. आणि शेवटी किती पुढे किंवा अलीकडे थांबला, हा दुसरा. अंतरही वाढवून आठ फूट केले. मग आलेखाच्या कागदावर प्रत्येक चेंडूसाठी एक ठिपका.

चाळीस ठिपक्यांनंतर कागदच बोलू लागले. एका मुलाचे ठिपके डावी-उजवीकडे फारसे विखुरलेले नव्हते, पण पुढे-मागे दीड मीटरभर पसरले होते. त्याचा नेम ठीक होता, जोराचा अंदाज नव्हता. त्याला नेमाचा सराव देणे म्हणजे पाय दुखत असताना हाताला मलम लावणे. त्याला आम्ही वर्तुळच पुसून टाकून फक्त ‘सतरंजीच्या रेघेपाशी थांबव’ असा सराव दिला.

एका मुलीचा कागद सर्वांत वेगळा होता. तिचे ठिपके एका वाटीत मावतील इतके जवळ होते, पण ती वाटी मध्यापासून नऊ सेंटिमीटर डावीकडे. तिचे वर्तुळावरून गेलेले चेंडू सर्वांत कमी होते. जुन्या वहीप्रमाणे ती शेवटच्या क्रमांकावर होती! भौतिकशास्त्रात आपण यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर त्रुटी असा भेद करतो. पसरण ही पहिल्या प्रकारची आणि ती कमी करायला महिने लागतात. एकाच बाजूला सरकणे ही दुसऱ्या प्रकारची. तिचे कारण सापडले, तर ती एका दिवसात जाते. मी तिला मनगट वळते का ते पाहायला सांगितले. दोन दिवस ती मनगटाशी झगडत राहिली आणि वाटी फक्त विस्कटली.

मग तिनेच सुचवले, की उलट्या टोकाकडून मारून पाहू. मारले, तर ठिपके नऊ सेंटिमीटर उजवीकडे! मनगट निर्दोष होते. गवंड्याची पाणसळ आणून पाहिले, तेव्हा व्हरांड्याला अंगणाच्या बाजूने दोन मीटरमागे सुमारे एक सेंटिमीटर उतार निघाला. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. इतरांच्या कागदांवरही सरासरी डावीकडेच होती, पण त्यांच्या पसाऱ्यात ती आम्हाला दिसली नव्हती. चार फुटांवर हे सरकणे निम्मेच असल्यामुळे वर्तुळाच्या आत लपून राहिले होते. मैदानावरील खेळाडू हिरवळीभोवती फिरून, उकिडवे बसून उतार पाहतात ते याचसाठी.

कोणते माप खरे?

व्हरांड्यात पटिंग एवढेच होते. खऱ्या खेळात लांबचे फटकेही असतात आणि तिथे मापनाचा आणखी एक घोटाळा वर्षानुवर्षे चालला. एका फेरीत पटिंगचे फटके किती, यावरून खेळाडूचे पटिंग ठरवत. तीस फटके म्हणजे चांगले, चौतीस म्हणजे वाईट. यात चूक काय ते पाहा. एक खेळाडू खळग्यापासून तीन फुटांवरून एका फटक्यात चेंडू घालतो. दुसरा तेहतीस फुटांवरून दोन फटक्यांत घालतो. मोजणीत पहिला दुप्पट चांगला ठरतो. प्रत्यक्षात पहिल्याला फारसे काही करावेच लागले नाही!

या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतील पीजीए टूर स्पर्धांत लेसर उपकरणांच्या साहाय्याने प्रत्येक फटक्याची जागा नोंदवली जाऊ लागली. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी या नोंदींवरून प्रत्येक अंतरावरून सरासरी किती फटके लागतात ते काढले. तेहतीस फुटांवरून दोन, आठ फुटांवरून दीड, तीन फुटांवरून १.०४. आता आठ फुटांवरून एकाच फटक्यात चेंडू घातला, तर खेळाडूने अर्धा फटका वाचवला. दोन लागले, तर अर्धा गमावला. तेहतीस फुटांवरून दोन लागले, तर ना नफा ना तोटा. हाच हिशेब लांबच्या फटक्यांनाही लावता येतो. फटक्याआधीच्या जागेची सरासरी घ्यायची, तीतून नंतरच्या जागेची सरासरी वजा करायची आणि घेतलेला एक फटका वजा करायचा. २०११ पासून पीजीए टूरने पटिंगसाठी हे माप अधिकृतपणे वापरायला घेतले आणि पुढे इतर फटक्यांसाठीही.

यातून निघालेला निष्कर्ष अनेकांना रुचला नाही. लांब फटका दिखाव्याचा, पैसा मिळतो तो हिरवळीवर, अशी गोल्फवाल्यांची जुनी म्हण. ब्रॉडी यांच्या हिशेबात मात्र उत्तम आणि साधारण खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत सापडला आणि पटिंगचा वाटा पंधरा टक्क्यांच्या आसपास निघाला. अर्थात ही सरासरी झाली. अदिती अशोकचे लांबचे फटके प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने आखूड असत आणि टोकियोत तिला तारले ते पटिंगनेच. म्हणून दुसऱ्याच्या वहीवरून आपला सराव ठरवता येत नाही.

तासांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण दहा हजार तासांच्या सरावाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. तिचे मूळ आंडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांवर केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. दहा हजार हा काही जादूचा आकडा नव्हे, असे खुद्द एरिक्सन यांनीच पुढे वारंवार सांगितले. त्यांचा भर होता तो ठरावीक उणीव समोर ठेवून, चूक लगेच कळेल अशा रीतीने केलेल्या सरावावर. डॅन मॅकलॉफलिन या अमेरिकन छायाचित्रकाराने २०१० साली नोकरी सोडून गोल्फवर दहा हजार तास घालवण्याचे व्रत घेतले. सुरुवातीचे काही महिने त्याने फक्त पटर हातात धरला. हौशी खेळाडूंत फार थोड्यांना गाठता येते अशी पातळी त्याने गाठलीही, पण दहा हजार तास पुरे होण्याआधीच पाठीच्या दुखण्याने खेळ थांबला. तास मोजताना पाठही मोजायला हवी होती, असे मला वाटते.

आणि सराव एकाच अंतरावरून करावा का? १९७८ साली केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना लहान पिशव्या लक्ष्यावर टाकायला दिल्या. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून घेतली, तेव्हा तिथून एकदाही सराव न केलेली मुले सरस ठरली! आम्हीही आता प्रत्येक चेंडू वेगळ्या अंतरावरून मारतो. मुले कुरकुरतात, कारण सरावात आकडे वाईट दिसतात.

तुम्हाला हा प्रयोग करायचा असेल, तर सतरंजी, पुठ्ठ्याची पन्हळ, रबरी चेंडू आणि आलेखवही एवढे पुरे. आधी पन्हळीतून दहा वेळा चेंडू सोडून तुमची सतरंजी किती ‘फुटांची’ आहे ते काढा. मग दोन्ही टोकांकडून वीस-वीस ठिपके मांडा. टोक कोणते ते प्रत्येक पानावर लिहा. सतरंजी रोज त्याच जागी, त्याच बाजूने अंथरा. आमची एकदा उलटी अंथरली गेली आणि तिच्या विणीमुळे चेंडू जवळजवळ एक फूट कमी धावला.